गुळवेल नेमके काय ‘वाढवते’?

गोंदिया जिल्ह्यात गुळवेल विकत आणावी लागत नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील जंगलात, शेताच्या बांधावर, गावातल्या कडुनिंबावर ती चढलेली सापडते. हृदयाच्या आकाराची पाने, कागदासारखी सुटणारी साल, वरून खाली लोंबणारी सुतळीसारखी हवाई मुळे आणि खोड आडवे कापले की दिसणारी चाकाच्या आऱ्यांसारखी रचना, एवढ्या खुणांवर आठवीचा विद्यार्थीही तिला ओळखू शकतो. तापात तिचा काढा देण्याची रीत जुनी आहे. परंतु २०२० च्या करोना साथीपासून तिच्या नावापुढे एक वाक्य कायमचे चिकटले: ‘गुळवेल रोगप्रतिकारशक्ती वाढवते.’ पुड्यांवर तेच, गोळ्यांच्या बाटल्यांवर तेच आणि विज्ञान प्रदर्शनातील वनौषधींच्या तक्त्यांवरही तेच.

या एका वाक्याची तपासणी करावी असे आम्हाला वाटले. ते निखालस खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते अर्धवट आहे, आणि त्याचा न सांगितलेला भाग गोंदियासारख्या जिल्ह्यात वर्गातल्या काही मुलांच्या जिवाशी निगडित आहे.

सुरुवात ‘रोगप्रतिकारशक्ती’ या शब्दापासूनच करावी लागेल. शक्ती म्हटले की एखाद्या टाकीतल्या पाण्यासारखी, कमी-जास्त होणारी एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते. शरीरात अशी टाकी नाही. रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जिवाणूंना गिळतात आणि मारतात. ऊतींमध्ये ठाण मांडून बसलेल्या महाभक्षक पेशी गिळण्याबरोबरच रासायनिक निरोप पाठवून इतरांना बोलावतात. लसिका पेशींपैकी काही प्रतिपिंडे तयार करतात, काही विषाणूने ग्रासलेल्या पेशी नष्ट करतात, आणि काहींचे कामच मुळी इतरांना आवरणे हे असते. न्यूमोनियात या पेशींनी जोमाने काम केलेले आपल्याला हवे असते. दमा, परागकणांची ॲलर्जी किंवा संधिवात यांत त्यांच्या अतिउत्साहाचाच त्रास होत असतो. तेव्हा कोणी म्हणाले की अमुक वनस्पतीने प्रतिकारशक्ती ‘वाढते’, तर शिक्षकाने लगेच विचारावे: कोणत्या पेशीची कोणती क्रिया, कोणात, आणि कशाने मोजली?

गुळवेलीच्या बाबतीत या प्रश्नाला खरोखर उत्तर आहे, आणि ते महाराष्ट्रातच शोधले गेले. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत या वेलीवर चिकाटीने काम केले. मराठी वाचकांना डहाणूकर ठाऊक असतात त्या झाडाफुलांवरच्या ललित लेखनामुळे. त्यांचे औषधशास्त्रातले काम मात्र आपल्या शाळांपर्यंत फारसे पोहोचले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या गटाचा एक निबंध १९९३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाला. पित्तनलिका अडल्यामुळे कावीळ झालेले ३० रुग्ण त्यांनी घेतले. अशा रुग्णांच्या न्यूट्रोफिल पेशी मंदावलेल्या असतात, आणि शस्त्रक्रियेच्या आसपास रक्तात जिवाणू पसरून अनेक जण दगावतात. एका गटाला नेहमीचे उपचार दिले, म्हणजे के जीवनसत्त्व, प्रतिजैविके आणि साचलेल्या पित्ताचा निचरा. दुसऱ्या गटाला त्याच उपचारांसोबत गुळवेलीचा अर्क तोंडावाटे दिला. मात्रा होती दर किलो वजनाला दिवसाला १६ मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला ८०० मिलिग्रॅम. निचऱ्यानंतर यकृताचे काम दोन्ही गटांत सारखेच होते. परंतु न्यूट्रोफिल पेशींची गिळण्याची आणि मारण्याची क्षमता पूर्वपदावर आली ती केवळ गुळवेल घेणाऱ्यांत. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांना जंतुदोष रक्तात पसरल्याची लक्षणे दिसली, दुसऱ्यात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. म्हणूनच ते सावकाश वाचावेत. तीस जणांचे दोन गट केले की एका रुग्णाचे वजन सहा-सात टक्के होते. दोन माणसे इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी बारा-चौदांनी हलेल, तेव्हा ९२.४ मधल्या त्या दशांश चिन्हाने अचूकतेचा जो भास होतो तो मनावर घेऊ नये. तरीही गुळवेलीचा काहीच परिणाम नसता तर इतका फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी, असे त्यांचे गणित होते. निबंधाच्या शीर्षकात लेखकांनी या निष्कर्षाला ‘नवा धागा’ एवढेच म्हटले. हा संयम आम्हाला त्या आकड्यांपेक्षाही मोलाचा वाटतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्यांच्या पेशी आजाराने मंदावल्या होत्या त्यांच्या पेशी पूर्ववत झाल्या, एवढेच यातून दिसते. निरोगी माणसाच्या पेशी सामान्यापेक्षा वर जातात, हा दावा या निबंधात नाही. पुडीवर मात्र नेमका तोच छापलेला असतो.

आता गोंदियाहून जवळच्या शहरातला पुरावा पाहू. नागपूरच्या संशोधकांनी २००५ साली गुळवेलीची एक चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण होते ७५, आजार ॲलर्जीमुळे सतत वाहणारे नाक. काहींना गुळवेल दिली, काहींना दिसायला तशीच पण औषधाविना गोळी, आणि कोणाला काय मिळाले हे आठ आठवडे ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्याला. गुळवेल घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के जणांच्या शिंका पूर्ण थांबल्या. आणि नाकातील स्रावाची काचपट्टी तपासली तेव्हा इओसिनोफिल व न्यूट्रोफिल पेशी कमी झालेल्या आढळल्या.

म्हणजे मुंबईत न्यूट्रोफिलची क्रिया वाढली म्हणून गुळवेल गुणकारी, आणि नागपुरात न्यूट्रोफिलची संख्या घटली म्हणूनही गुळवेल गुणकारी! हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. एका ठिकाणी मंदावलेली क्रिया सावरली, दुसऱ्या ठिकाणी भडकलेली क्रिया शांत झाली. पण मग ‘वाढवते’ हे क्रियापद कुठेच बसत नाही. संशोधक या परिणामासाठी जो इंग्रजी शब्द वापरतात त्याचा अर्थ ‘प्रतिकारक्रियेचे समायोजन करणारा’ असा होतो. प्रयोगशाळेतून पुडीपर्यंतच्या प्रवासात समायोजनाची वाढ कधी झाली, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

या परिणामामागची यंत्रणाही काही अंशी उलगडली आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी गुळवेलीच्या खोडातून एक बहुशर्करा वेगळी केली. तिला त्यांनी जी१-४ए हे नाव दिले. २००७ आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून असे दिसले की ही शर्करा महाभक्षक पेशींच्या पृष्ठभागावरील ‘टीएलआर-४’ या ग्राही रेणूमार्फत काम करते. हा ग्राही मुळात जिवाणूंच्या बाह्यआवरणातील अंतर्विष ओळखण्यासाठी आहे. २०११ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्यांपैकी ब्रूस बॉयटलर यांचे काम याच ग्राहीवरचे. सोप्या शब्दांत सांगायचे तर गुळवेलीतील ही शर्करा पेशीच्या दारावरची तीच घंटा वाजवते, जी एरवी जिवाणू आल्यावर वाजते. उंदरांना ती आधी देऊन ठेवली तर पुढे दिलेल्या जिवाणू-अंतर्विषाचा घातक धक्का त्यांना बसला नाही. एकदा हलकेच वाजवलेल्या घंटेमुळे दुसऱ्या वेळी घरात एकच धावपळ उडत नाही, असा काहीसा हा प्रकार आहे.

परंतु याच कारणाने अशा प्रयोगांत एक फसगत संभवते. जंगलातून आणलेल्या खोडावर जिवाणू असतातच, आणि त्यांचे अंतर्विष अर्कात उतरते. ते अत्यल्प प्रमाणात असले तरी महाभक्षक पेशी उत्तेजित होतात. मग श्रेय वनस्पतीला मिळते आणि काम केलेले असते घाणीने. त्यामुळे ‘अमुक अर्काने पेशींची क्रिया वाढली’ असा निबंध वाचताना अंतर्विषाची शक्यता लेखकांनी कशी वगळली, हे आधी पाहावे. ते सांगितलेलेच नसेल तर पुढचे आलेख कितीही सुरेख असोत, आम्ही त्यांना फार किंमत देणार नाही.

शाळांच्या प्रदर्शनांत दिसणाऱ्या एका प्रयोगाबद्दलही इथेच बोलले पाहिजे. आगरच्या बशीत जिवाणू वाढवायचे, मध्ये गुळवेलीच्या किंवा हळदीच्या रसात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची, आणि भोवती स्वच्छ वर्तुळ दिसले की ‘प्रतिकारशक्ती सिद्ध झाली’ असा फलक लावायचा. प्रयोग चांगला आहे, फलक चुकीचा आहे. बशीत एकही पांढरी पेशी नाही. तिथे दिसतो तो रसाचा जिवाणूंवरचा थेट परिणाम, म्हणजे जंतुनाशकाचे काम. फिनेलही ते करते. मुलांना हा भेद समजावून देण्यासाठी एका बशीत साध्या पाण्याची, दुसरीत रसाची आणि तिसरीत सौम्य केलेल्या फिनेलची टिकली ठेवून पाहावी. त्यानंतर ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द फलकावरून मुलेच काढून टाकतील.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. मार्च २०२० मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी घरगुती उपायांच्या सूचना काढल्या: कोमट पाणी, योगासने, च्यवनप्राश, तुळस-दालचिनी-मिरी-सुंठीचा काढा, हळदीचे दूध. त्यावर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या उपचारसंहितेत प्रतिबंधासाठी अश्वगंधा आणि गुळवेलीची घनवटी यांचाही समावेश होता. काढ्याने कोणाचे फार बिघडते असे नाही. परंतु घनवटी म्हणजे आटवून घट्ट केलेला अर्क, आणि तो महिनोन्महिने रोज घेणाऱ्यांची संख्या एकाएकी प्रचंड वाढली.

मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत यकृतदाहाचे सहा रुग्ण पाहिले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ च्या जुलैत हा अहवाल वृत्तपत्रांत गाजला, आणि मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा आहे असे जाहीर केले. मंत्रालयाचा एक आक्षेप रास्त होता. रुग्णांनी घेतलेली वनस्पती हीच गुळवेल होती कशावरून? तिच्याच कुळातील, खोडावर गाठी असणारी दुसरी जाती यकृताला अपाय करते हे आधीपासून माहीत होते. वनस्पतीची ओळख पटवणे ही खरोखरच पहिली पायरी आहे. पण एखादा आक्षेप रास्त असला म्हणून रुग्ण खोटे ठरत नाहीत. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, आणि उपलब्ध झालेल्या नमुन्यांचे पृथक्करणही केले. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवस निघाला. अनेकांचा यकृतदाह स्वयंप्रतिकारी स्वरूपाचा होता, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच पेशी यकृतावर उलटल्या होत्या. ज्यांना आधीपासून यकृताचा जुना आजार होता त्यांना धोका सर्वाधिक होता.

अर्थात गुळवेल घेणाऱ्या असंख्य लोकांच्या तुलनेत ही संख्या अगदी लहान आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हे वाक्य आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे वाक्य एकाच पुडीवर छापणाऱ्यांना आमचा एक साधा प्रश्न आहे. जी वस्तू महाभक्षक पेशीच्या दारावरची घंटा वाजवण्याइतकी प्रभावी आहे, ती ती घंटा चुकीच्या घरी वाजवणार नाही याची हमी निसर्गाने कुठे दिली आहे? जे लोक गुळवेलीला ‘नुसता पाला’ म्हणून हसतात त्यांचेही इथे चुकते. नुसत्या पाल्याने यकृत सुजत नाही. आयुर्वेदाचे जाणकार वैद्य मात्र मात्रा, अनुपान आणि प्रकृती पाहिल्याशिवाय रसायनचिकित्सा सुरू करत नाहीत. सरसकट सर्वांना, अनिश्चित काळ, एकच गोळी हा प्रकार त्यांच्या शास्त्रातही बसत नाही.

या साऱ्याचा गोंदियाशी विशेष संबंध येतो तो सिकलसेलमुळे. पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांत हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेले मूल रुग्ण असते; एकाकडूनच आलेले वाहक असते आणि सहसा निरोगी राहते. या जिल्ह्यात शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात असे एखादे रुग्ण मूल असणे मुळीच अशक्य नाही: वरचेवर गैरहजर राहणारे, सांधे दुखतात म्हणणारे, डोळे पिवळसर असणारे. ‘याची प्रतिकारशक्ती कमी आहे’ असे त्याच्याबद्दल सांगितले जाते आणि गुळवेल सुचवली जाते.

त्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणजे नेमके काय कमी आहे? विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी प्लीहेच्या बारीक वाहिन्यांत अडकून तिचे काम लहानपणीच बिघडवतात. आपल्याकडच्या रुग्णांत प्लीहा पुष्कळदा मोठी झालेली असते, पण मोठी प्लीहा म्हणजे कामाची प्लीहा नव्हे. जाड आवरणाचे न्यूमोकोकससारखे जिवाणू रक्तातून गाळून काढणे हे तिचे काम. गाळणीच नादुरुस्त असेल तर पांढऱ्या पेशींना चेतवून ती दुरुस्त होत नाही. इथे उपयोगी पडते ती न्यूमोकोकसची लस आणि लहान वयातले पेनिसिलिन. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांखालील २१५ सिकलसेलग्रस्त मुलांपैकी निम्म्यांना पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्या; त्यांच्यात न्यूमोकोकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला आणि फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

सिकलसेलमध्ये पांढऱ्या पेशी कमी नसतात, त्या बहुधा जास्तच असतात. उत्तेजित न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, त्यांना विळ्यासारख्या तांबड्या पेशी अडकतात, वाहिनी तुंबते आणि असह्य वेदनांचा झटका येतो. पांढऱ्या पेशींची संख्या जितकी अधिक तितका अकाली मृत्यूचा धोका अधिक, हे १९९४ पासून ज्ञात आहे. न्यूट्रोफिल वाढवणारे जी-सीएसएफ हे औषध अन्य कारणासाठी दिल्यावर सिकलसेलच्या रुग्णांना तीव्र झटके आल्याच्या आणि मृत्यू ओढवल्याच्याही नोंदी आहेत. उलट हायड्रॉक्सियुरिया हे आज सर्वत्र दिले जाणारे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते आणि त्याच वेळी न्यूट्रोफिल कमी करते. त्याच्या गुणाचा काही वाटा या घटीत आहे. नागपूरच्या मुलांवर त्याची लहान मात्रेतली चाचणी झाली आणि २०१२ मध्ये तिचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आणि केईएमच्याच गटाने १९९४ साली काय नोंदवले होते? गुळवेल दिलेल्या प्राण्यांच्या रक्तद्रवात पांढऱ्या पेशींच्या वसाहती वाढवणारी क्रिया निर्माण होते. जी-सीएसएफ ज्या प्रकारचे काम करते त्याच प्रकारची ही क्रिया. गुळवेलीने सिकलसेलच्या मुलाला झटका येतोच, असे यावरून म्हणता येणार नाही, आणि आम्ही म्हणतही नाही. प्राण्यांतील परिणाम आणि घरच्या काढ्यातील मात्रा यांत मोठे अंतर आहे. परंतु ज्या मुलाच्या आजारात न्यूट्रोफिल आधीच जास्त आणि चिडलेले आहेत, त्याला ‘पांढऱ्या पेशी वाढवणारे’ म्हणून काही देणे हे त्या पुडीवरचे वाक्य खरे मानले तर अधिकच अविचाराचे ठरते.

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात रक्ततपासणीवर भर आहे. तपासणीनंतर मुलाच्या हाती जे कार्ड येते त्यावर रुग्ण की वाहक हे लिहिलेले असते. शिक्षकांनी ते पालकांच्या संमतीने पाहून ठेवावे. रुग्ण मुलाच्या फॉलिक ॲसिडच्या आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चालू आहेत ना, न्यूमोकोकसची लस झाली आहे ना, एवढी विचारपूस शाळेत सहज होऊ शकते. त्याला दिवसभर पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाण्यास अडवू नये, थंडीच्या सकाळी उघड्यावरच्या कवायतीतून सूट द्यावी. आणि अशा मुलाला १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप चढला तर काढ्याची वाट न पाहता त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, त्याला रुग्णालयात पोहोचवावे.